जुनी हायलक्स, बसलेले पाटे आणि स्वस्तात दोन इंच लिफ्ट

खडकवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

गाडी १९९१ ची टोयोटा हायलक्स पिकअप, फोर बाय फोर. पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा). सध्या टायर २३५/७५ आर १५ आहेत, त्याजागी ३१×१०.५० आर १५ घालायचेत. पूर्ण लिफ्ट किट (गाडी उंच करायचा संच) घ्यायचं नाही. कमी खर्चात दोन इंच उंची मिळाली तरी पुरे.

चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची मापं, गाडी रिकामी असताना:
पुढे डावीकडे ४६५ मिमी, उजवीकडे ४५५.
मागे डावीकडे ४८०, उजवीकडे ४७०.

मागचे पाटे जवळजवळ सपाट दिसतात. शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) मागच्या बाजूला बराच कलला आहे, उभ्या रेषेपासून अंदाजे ६० अंश. हाऊसिंग (मागच्या एक्सलचं कवच) आणि बंप स्टॉप (एक्सलला वर जाताना अडवणारं रबर) यांच्यात ६० मिमी जागा उरली आहे.

मागे दोन इंच जास्त लांबीचे शॅकल लावायचे आणि पुढे टॉर्शन बारचे बोल्ट आवळून गाडी उचलायची, असा बेत आहे. चालेल का? मागे ब्लॉक (एक्सल आणि पाट्यांमधले ठोकळे) लावावेत का, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. सोबत आणखी काय बदलावं लागेल?

---

पाटेवाला

मापं केंद्रापासून घेतलीत हे फार बरं केलंत. जमिनीपासून घेतली की टायरमधली हवासुद्धा लिफ्टमध्ये मोजली जाते.

आता शॅकलबद्दल. हा बेत तुमच्या गाडीला सर्वात कमी फायद्याचा आहे. एक्सल पाट्याच्या साधारण मध्यावर बसतो. त्यामुळे पाट्याचं मागचं टोक जितकं खाली येईल, त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते. शॅकल सरळ उभा असेल तर ५० मिमी जास्त लांबीतून २५ मिमी मिळतील. तुमचा शॅकल ६० अंश कललेला आहे, म्हणजे ५० मिमीपैकी उभ्या दिशेला फक्त २५ लागू पडतात. त्याचे निम्मे साडेबारा. म्हणजे दोन इंचांचे शॅकल आणून हातात येणार जेमतेम अर्धा इंच. शिवाय लांब शॅकल बाजूला जास्त डुलतो, आणि सपाट पाट्यावर मोठा खड्डा आला की मागे वर उलटून चेसिसला टेकूही शकतो.

तुमचे पाटे बसलेत. रिकाम्या गाडीत सपाट आहेत म्हणजे कमान गेली आहे. आधी गेलेली उंची परत आणायची, लिफ्टचं मग बघू. बहुतेक जुन्या गाड्यांत लिफ्टचे पहिले एक-दीड इंच म्हणजे मूळची उंचीच परत आलेली असते.

तीन वाटा आहेत:

नवीन पाट्यांचा पूर्ण संच. उत्तम, पण बजेटमध्ये बसला असता तर तुम्ही हा प्रश्नच विचारला नसता.

जुन्या पाट्यांना पुन्हा कमान देणं. उष्णता प्रक्रिया न करता, नुसतं थंड ठोकून दिलेली कमान टिकत नाही. थोडा भार पडला की परत बसते. प्रक्रिया नीट करणारा खात्रीचा कारागीर असेल तरच करा.

जादा पाटा घालणं. तुमच्यासाठी हेच. पण लांब पाटा घ्या, मेन पाट्याच्या किमान दोन तृतीयांश लांबीचा. आखूड जाड पाटा स्वस्त पडतो, उचलतोही चांगला, पण सगळा भार मधल्या भागावर घेतो. गाडी दगडावर आपटल्यासारखी चालते, आणि आखूड पाट्याचं टोक वरच्या पाट्याला जिथे टेकतं, बरोबर तिथेच वरचा तुटतो. लांब पाट्याने साधारण ३० ते ४० मिमी मिळतात. कमान परत आली की शॅकलही आपोआप उभा होतो. गाडी उभी असताना तो २० ते ३० अंश मागे कललेला असला की झालं.

काम असं:

मागची दोन्ही चाकं काढा. चेसिसला स्टँड द्या, पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या वळ्याच्या) थोडं पुढे. हाऊसिंगखाली जॅक हवाच, कारण यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारे) सुटले की एक्सल ब्रेकच्या होजवर लोंबकळतो. शॉकअब (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) खालून सोडा. एका वेळी एकच बाजू खोला. दुसऱ्या बाजूचे यू-बोल्ट नुसते सैल करा, काढू नका, नाहीतर एक्सल फिरतो आणि भोकं जुळवताना जीव मेटाकुटीला येतो.

पाट्यांचा गठ्ठा सेंटर बोल्टने बांधलेला असतो. तो सोडण्याआधी दोन मजबूत सी-क्लॅम्प बोल्टच्या दोन्ही बाजूंना लावा. क्लॅम्पशिवाय नट सोडला तर शेवटच्या आट्यावर गठ्ठा फाकतो आणि बोल्ट गोळीसारखा सुटतो. क्लॅम्प थोडे थोडे, आळीपाळीने ढिले करा. सेंटर बोल्ट बहुधा गंजलेला असतो. तो कापून टाका आणि नवीन घ्या, जुन्यापेक्षा जादा पाट्याच्या जाडीएवढा जास्त लांब. बोल्टच्या डोक्याचा व्यास जुन्याइतकाच हवा. तेच डोकं हाऊसिंगच्या पॅडमधल्या भोकात बसून एक्सलला जागेवर धरतं. लहान डोकं घातलं तर एक्सल पुढे-मागे सरकत राहील आणि गाडी तिरपी चालेल.

पाटे वेगळे झाले की प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने साफ करा आणि सेंटर बोल्टच्या भोकाभोवती नीट बघा. केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर ती रेघ नव्हे, तडा आहे. तो पाटा बाद. नवीन पाटा लांबीच्या क्रमाने बसवा. तळाचा जाड सपाट पाटा भारासाठी असतो, सामान वाहत असाल तर तो राहू द्या.

यू-बोल्ट नवीनच लावा. जुने एकदा ताणले गेलेले असतात, त्यांना पुन्हा तोच ताण धरवत नाही. शिवाय जादा पाट्यामुळे ते आखूडही पडतील. नट पूर्ण आवळल्यावर बाहेर दोन-तीन आटे दिसायला हवेत. आवळताना तिरपे, चार टप्प्यांत, शेवटचा टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलमधला. दोन्ही पायांवर प्लेटखाली उरलेले आटे सारखे दिसले पाहिजेत.

एक गोष्ट हमखास राहते: डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट करू नका. रबरी बुश त्या स्थितीत चिमटले जातात. गाडी खाली आली की ते पिळलेल्या अवस्थेत राहतात, उंची खोटी दिसते आणि काही दिवसांत बुश फाटतात. गाडी चाकांवर उभी करा, मागून दोन-तीनदा दाबा, मगच आवळा.

---

टॉर्कपाना

मागचं पाटेवाल्यांनी सांगितलंच, मी पुढचं सांगतो.

टॉर्शन बार आवळला म्हणून तो कडक होत नाही. बारचा ताठपणा त्याच्या जाडीवर आणि लांबीवर ठरतो, बोल्टने फक्त आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो. तरीही गाडी धक्के मारायला लागते, ती चाकाला खाली जायला जागा उरत नाही म्हणून. वरचा आर्म खालच्या स्टॉपवर (चाकाला खाली जाताना अडवणाऱ्या) जवळजवळ टेकलेलाच असतो, आणि प्रत्येक खड्ड्यात टक्‌ टक्‌ आवाज येतो. गाडी उभी असताना आर्म आणि त्या स्टॉपमध्ये किमान २५ मिमी जागा राहिलीच पाहिजे. ही जागा आज किती आहे ते मोजा. तुमची मर्यादा तिथेच कळेल.

तुमच्या गाडीत बार वरच्या आर्मला जोडलेला आहे. म्हणून दुसरा मार्गही खुला आहे: वरचा आर्म आणि बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) यांच्यामध्ये दीड इंची स्पेसर. बार न आवळता सुमारे ३८ मिमी मिळतात आणि स्टॉपची जागा आहे तशीच राहते. इतर गाड्यांवरून हे वाचणाऱ्यांनी आधी बार कुठे लागतो ते बघा. बार खालच्या आर्मला असेल तर वजन खालच्या आर्मवर असतं आणि वर स्पेसर घालून गाडी उचलली जात नाही.

दोन्ही उपायांत फरक आहे तो एक्सलच्या कोनाचा. बार आवळला तरी चाक पूर्ण लोंबकळल्यावरचा सीव्ही जॉइंटचा (पुढचं चाक फिरवणाऱ्या एक्सलच्या सांध्याचा) कोन बदलत नाही, कारण स्टॉप होता तिथेच आहे. रोजच्या चालण्यातला कोन मात्र वाढतो. स्पेसर घातला तर दोन्ही वाढतात. म्हणून स्पेसर आणि पातळ स्टॉप एकत्र घालू नका. तपासणी सोपी आहे: चाकं हवेत, हब लॉक, स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला, आणि चाक हाताने फिरवा. अडखळलं किंवा कटकट आवाज आला की कोन जास्त झाला. सांध्यावरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासत असतील तर पहिला बूट तिथेच फाटणार. मग पुढचा डिफरन्शियल साधारण एक इंच खाली आणणारे स्पेसर लागतील. हाताने लॉक होणारे हब असतील तर डांबरी रस्त्यावर ते मोकळे ठेवा, सीव्ही फिरतच नाहीत.

माझं मत: पुढच्या दोन्ही बाजू आधी मूळ उंचीला आणा, तेवढ्यापुरताच बार आवळा, आणि बाकीची उंची स्पेसरने घ्या.

बार आवळण्याची पद्धत:

आदल्या रात्री अँकर बोल्टवर (ज्याने बार आवळतो तो) गंज सोडवणारं तेल मारा. बाहेर दिसणारे आटे मोजून लिहून ठेवा, पेंटने खूणही करा. पुढचं वजन चेसिसवर स्टँडला द्या, चाकं हवेत. वजन चाकांवर ठेवून हा बोल्ट फिरवायला जाल तर आटे जळतात. हीच सर्वांत जास्त होणारी चूक. आटे साफ करून ग्रीस लावा. लॉक नट सैल करा, मग बोल्ट. डावी-उजवी आळीपाळीने, एका वेळी दोन फेऱ्या. बोल्टच्या रेषेत तोंड किंवा हात नको, त्यात गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन साठलेलं असतं.

खाली उतरवली की लगेच मोजू नका. टायर जमिनीला चिकटून राहतात आणि गाडी खोटी उंच दिसते. थोडी पुढे-मागे चालवा, दाबा, मग मोजा.

बोल्टचे आटे संपले आणि उंची अजून हवी असेल तर बोल्ट पूर्ण सोडून बार अँकरमध्ये एक दात फिरवून बसवा. बार बाहेर काढलात तर डावा-उजवा बदलू नका. ते एकाच दिशेच्या पिळासाठी बनवलेले असतात, टोकावर खूण असते.

स्पेसर घालताना आधी बार पूर्ण मोकळा करा. बॉल जॉइंटचा टेपर सोडायची गरज नाही, आर्मला धरणारे चार बोल्ट काढले की पुरे. नकल (चाकाचा हब धरणारा भाग) बाहेर कलंडतो, त्याला तारेने चेसिसला बांधा, होजवर लटकू देऊ नका. बोल्ट नवे, लांब. जुन्यांवर भागवलं तर नटमध्ये अर्धेच आटे बसतात. चाक लावल्यावर रिमची आतली कड स्पेसरला किंवा आर्मला लागत नाही ना, ते हाताने फिरवून बघा.

अलाइनमेंट शेवटी, आणि तीही ३००-५०० किमी चालवून पाटे स्थिरावल्यावर. तोपर्यंत निदान टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) तरी फीत लावून जुळवा, नाहीतर नवे टायर त्याच अंतरात खरवडून निघतील.

---

चिखलचाक

ब्लॉकला बरेच जण नावं ठेवतात, एवढी ठेवू नका हो. मागच्या एक्सलवर एक इंचाचा ब्लॉक अगदी ठीक आहे. एक इंच घाला, एक इंच मिळतो, आणि पाट्याचा ताठपणा बदलत नाही. अट एवढीच की ब्लॉक पोलादी किंवा ओतीव, खाली पिन आणि वर भोक असलेला, आणि हाऊसिंगच्या पॅडइतका लांब. ब्लॉकवर ब्लॉक कधीच नाही. लाकूड तर नाहीच नाही. पाट्यांच्या पुढच्या एक्सलवरही नाही, तिथे ब्रेकचा पूर्ण जोर त्या ब्लॉकला फिरवायला बघतो.

दोष एकच: ब्लॉक जितका उंच, तितका एक्सल गिअर टाकताना पाट्याला पिळतो. पहिल्या गिअरमध्ये चढावर मागून थरथर जाणवली तर तेच समजा. तीन-चार इंचांचे ब्लॉक लोक घालतात, मग पाटे एस आकाराचे झाले म्हणून नशिबाला बोल लावतात.

पाटेवाल्यांचा जादा पाटा घालून मोजा. दोन इंचांना कमी पडले तर एक इंची ब्लॉक. शॅकलचा नाद सोडा.

---

खडकवाट

सगळ्यांचे आभार, शॅकल रद्द केला.

दोन शंका. १) मागच्या हाऊसिंगवरून एक सळई वर चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हकडे जाते, ब्रेकच्या नळ्या त्यालाच जोडलेल्या आहेत. लिफ्ट केल्यावर तिचं काय करायचं? २) शॉकअब तेच चालतील का?

पुढे आर्म आणि स्टॉपमधली जागा मोजली: डावीकडे ४२ मिमी, उजवीकडे ५०.

---

टॉर्कपाना

उजवीकडे गाडी खाली आहे, म्हणून तिथे जागा जास्त आहे; मापं जुळतात. आर्मचा स्टॉप आर्मच्या मधल्या भागात आहे, त्यामुळे चाकाच्या १० मिमीला तिथे १० पेक्षा कमीच हालचाल दिसते. आधी उजवी बाजू डावीच्या बरोबरीला आणा. मग दोन्हीकडे साधारण ४२ उरतील. तिथून दोन्ही बाजू थोड्या आवळल्या तरी हरकत नाही, स्टॉपशी ३० उरले की थांबा. बाकी सगळं स्पेसरवर.

---

दाबनळी

ती सळई विचारलीत हे बरं झालं, कारण बहुतेक जण ती बघतही नाहीत. मागच्या भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा तो व्हॉल्व्ह आहे. गाडीत सामान भरलं की चेसिस खाली येतं, सळई वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. लिफ्ट केली की एक्सल चेसिसपासून दूर जातो. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीपेक्षाही रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कमी करतो. पेडल घट्टच लागतं, काही बिघडलंय असं वाटत नाही, पण सगळं ब्रेकिंग पुढच्या चाकांवर जातं, थांबायला अंतर जास्त लागतं आणि पुढचे पॅड लवकर संपतात.

उपाय: सळईचा हाऊसिंगवरचा ब्रॅकेट, मागे एक्सलपाशी प्रत्यक्ष मिळालेल्या उंचीइतका वर घ्या. किटवर लिहिलेला आकडा धरू नका, आपण मोजलेला धरा. पण तुमचे पाटे बसलेले होते, त्यामुळे पाटा घालून नुसती मूळ उंची आली असेल तर तेवढ्यापुरतं काहीच करायचं नाही. मूळ उंचीच्या वरचं जेवढं असेल तेवढाच ब्रॅकेट वर. मूळ उंचीचं माप सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतं. बोल्टने जोडलेला पट्टीचा तुकडा पुरतो, सळई वाकवू नका. मग मोकळ्या, कोरड्या, सपाट जागी हळूहळू वेग वाढवत ब्रेक लावून बघा: पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत. मागची आधी लॉक झाली तर ब्रॅकेट जास्त वर गेला आहे, लगेच खाली आणा. मागून घसरणारी गाडी जास्त धोक्याची.

होज पाइप: चेसिसवरून मागच्या एक्सलवर येणारा मधला होज आणि पुढचे दोन. मागचं चेसिस उचलून एक्सल पूर्ण लोंबकळू द्या आणि होज बघा. पुढे तेच, पण स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून. होज ताणून सरळ झाला म्हणजे आखूड. वरचा ब्रॅकेट खाली आणता येत असेल तर आणा, नाहीतर लांब होज. हातब्रेकची केबल आणि हाऊसिंगची श्वासनळी हेही त्याच वेळी बघून घ्या. श्वासनळी निसटली की पहिल्या नाल्यात डिफरन्शियलमध्ये पाणी.

शॉकअबचं उत्तर मापात आहे. मागे, गाडी चाकांवर उभी असताना वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंत अंतर घ्या. समजा लिफ्टनंतर ते ५०० मिमी आलं आणि बंप स्टॉपची जागा १०० मिमी. एक्सल स्टॉपवर आदळला की अंतर ४०० उरणार. शॉकअब पूर्ण दाबल्यावर ३८५ किंवा कमी हवा, नाहीतर स्टॉपच्या आधी शॉकअबच ठोकर खातो आणि त्याचा वरचा ब्रॅकेट उखडतो. तिरका बसवलेला असेल तर हालचाल थोडी कमी होते, पण हिशोब सरळ धरूनच करा. मग एक्सल लोंबकळवून मोजा. शॉकअबची पूर्ण उघडलेली लांबी त्या अंतरापेक्षा थोडी जास्त हवी. जुना शॉकअब पाट्यांच्या आधीच ताणून संपत असेल तर एक्सलचं सगळं वजन त्याच्या सीलवर लटकतं. दोन्ही मापं जुन्यात बसत असतील आणि तेल गळत नसेल, तर बदलायचं काही कारण नाही.

---

पाटेवाला

प्रोपेलर शाफ्टचं राहिलं. फोनच्या कोनमापकाने ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सच्या) फ्लॅंजचा आणि पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) फ्लॅंजचा कोन आत्ताच, काम सुरू करण्याआधी, लिहून ठेवा. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (वाकणारा सांधा) असलेल्या शाफ्टमध्ये दोन्ही फ्लॅंज जवळजवळ समांतर हवेत, पिनियन एखाद-दोन अंश खाली, कारण जोर लागला की पाट्यावर पिनियनचं नाक वर उचललं जातं. जादा पाट्याने आणि ब्लॉकने हा कोन फारसा बदलत नाही. लांब शॅकलने बदलतो: सुमारे १२०० मिमीच्या पाट्याचं मागचं टोक ५० मिमी खाली आलं तर नाक जवळपास अडीच अंश वर जातं, आणि ठरावीक वेगाला तळातून गुंजन सुरू होतं.

नाक खाली आणायचं तर पाटा आणि पॅडमध्ये निमुळती शिम. पाटे हाऊसिंगच्या वर असल्यामुळे जाड बाजू पुढे. पोलादी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची दबते आणि यू-बोल्ट सैल पडतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगपाशीही कोन घ्या, तिथे लहानसा स्पेसर लागू शकतो.

---

चिखलचाक

टायरबद्दल: २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३४ मिमी, ३१ इंची म्हणजे ७८७. गाडी टायरनेच २७ मिमी वर जाईल. स्पीडोमीटर ७ टक्के कमी दाखवेल, काट्यावर ६० तेव्हा खरा वेग ६४. डिफरन्शियल ४.१० गुणोत्तराचा असेल तर चालवताना तो ३.८२ सारखा वाटेल, चढावर एक गिअर खाली राहावं लागेल.

घासणार ते पुढे, स्टीअरिंग पूर्ण वळवून एक चाक दगडावर चढवल्यावर, सपाटीवर नाही. एका पुढच्या चाकाखाली जॅक लावून चाक मडगार्डमध्ये वर जाऊ द्या, दोन्ही टोकांना वळवा आणि खडूची खूण कुठे लागते बघा. मडगार्डच्या आतली पत्र्याची कड हातोडीने मागे वळवली तर बहुधा भागतं. मागे टायर मडगार्डला लागत असेल तर पत्रा कापण्याआधी बंप स्टॉप थोडा खाली आणा.

आणि यू-बोल्ट पहिल्या १०० किमीला पुन्हा आवळा, मग ५०० ला. नव्या पाट्यावरचा रंग दबतो, त्यामुळे पहिल्या खेपेला नट हमखास पाव फेरी तरी घेतात. दुसऱ्या खेपेलाही नट फिरत असतील तर सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसलंय का ते बघायला परत खोला.